जागा दाखवणारी बाई

प्रिय ठके,

तुझे तिन्ही निरोप मिळाले. तिन्हींचा अर्थ एकच, की आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. फोनवर उत्तर देत नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. हा गुण तू माझ्याकडूनच उचललास, तेव्हा तक्रार नाही. पण कागदाला मध्येच 'अगं पण आई' म्हणता येत नाही, म्हणून कागद.

बातमी खरी आहे. मला घरं दाखवायचं काम देऊ केलंय. भाड्याची आणि विकायची, दोन्ही. हो की नाही ते शनिवारी सांगायचं आहे. तुझ्या दादाला सांगितलं तर तो म्हणाला, 'आई, तू दलाल होणार?' दलाल हा शब्द त्यानं अशा आवाजात उच्चारला, की त्याच्या चपलेला काहीतरी लागलंय असं मला फोनवरून दिसलं. मी विचारलं, 'तू राहतोस ते घर काय आभाळातून पडलं? तेही कुणा दलालानंच दाखवलं ना?' तर म्हणतो, 'तो एजंट होता.' बघ म्हणजे. परका माणूस एजंट आणि आई दलाल. शेवटी त्याला म्हटलं, बाबा रे, आयुष्यभर मी माणसांना त्यांची जागा दाखवत आले, आता त्याचेच पैसे मिळतील. त्यावर तो हसला नाही. तुझ्या वडिलांवर गेलाय. विनोद त्यांच्यापर्यंत पोचायला दोन दिवस लागायचे, मग जेवताना एकदम हसायचे.

तुझं म्हणणं वेगळं आहे हे मला माहीत आहे. तुला दलालीची लाज नाही, तुला माझ्या हाडांची काळजी आहे. जिन्यात पडून मी मनगट मोडून घेतलं तेव्हा तू आलीस, राहिलीस, आणि निघताना म्हणालीस, 'आई, चौथ्या मजल्यावर एकटी राहू नकोस, माझ्याकडे चल.' मी नाही म्हटलं. तू पुन्हा विचारलंस, मी पुन्हा नाही म्हटलं, आणि दुसऱ्या वेळी जरा चढ्या आवाजात. त्यानंतर तू तो विषय काढलाच नाहीस. तुझ्याकडे मला कसलाही त्रास नाही, हे लिहून ठेवते. जावईबापूंशी माझं उत्तम जमतं, कारण दोघांनाही बोलायला आवडत नाही. पण तिथं मी सकाळी उठून काय करू? तुम्ही दोघं कामाला गेल्यावर तुमच्या सोफ्याला शिस्त लावू? आता हे काम घेतलं तर मी इथेच राहणार, आणि दिवसभर लोकांचे जिने चढणार-उतरणार. तुझी झोप उडाली असेल तर त्यात नवल नाही. तेव्हा हे सगळं कसं घडलं ते क्रमानं सांगते, मग काय ते बोल.

ज्यानं काम देऊ केलंय त्याला मी चावीवाला म्हणते. चाळिशीचा आहे, कमरेला चाव्यांचा हा एवढा जुडगा, चालायला लागला की बैलगाडी आल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा आला तो तू पाठवलेला मनगटाचा पट्टा घेऊन. दारात उभा राहून म्हणाला, 'तुमच्या मुलीच्या ऑफिसात माझी बहीण आहे. मी तिचा मामेभाऊ.' ठके, मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून मी उभा जन्म काढला. तिथं मुलींना भेटायला जेवढे मामेभाऊ आले, तेवढे मामा या पृथ्वीच्या पाठीवर नसतील. सख्खा भाऊ आला तर मुलगी चप्पल न घालता खाली पळते. मामेभाऊ आला की वेणी घालून उतरते. तेव्हा मामेभाऊ म्हटलं की माझा चष्मा आपोआप वर जातो. तो वर गेला, आणि मी त्याला आत घेतलं.

पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले तर बाहेरून टकटक. बघते तर हे गृहस्थ बोटांच्या पेरांनी भिंत ठोठावताहेत. म्हटलं, 'तिथून कुणी ओ देणार नाही, शेजारचे गावाला गेलेत.' त्यानं हात मागे घेतला. मग हात धुतो म्हणाला आणि नळाची धार बघत राहिला. मग 'वारा छान येतो हो' म्हणत तिन्ही खिडक्या उघडून मिटल्या. शेवटी मी विचारलं, 'मामेभाऊ काय करतात? तुरुंगात कामाला आहात का? नाही, चाव्या बऱ्याच आहेत.' तेव्हा हसला आणि म्हणाला, 'घरांचा एजंट आहे, बाई. वाईट सवय आहे, कुणाच्याही घरी गेलो तरी हात भिंतीला जातो.' म्हटलं, मग नीट तरी बघा. आणि मी त्याला आपलं घर दाखवलं. नळाला संध्याकाळी जोर नसतो. मधल्या खोलीची पश्चिमेची भिंत दुपारी तापते, तिला पाठ लावून बसता येत नाही. न्हाणीघरातलं पाणी दाराकडे धावतं, कारण गवंड्यानं उतार उलटा दिला. तो ऐकत राहिला, आणि म्हणाला, 'असं सगळं सांगितलं तर घर घेणार कोण?' मी म्हटलं, 'ज्याला राहायचंय तो.'

चार-पाच दिवसांनी पुन्हा हजर. या वेळी मामा नाही, भाऊ नाही, सरळ काम. एका नर्सला भाड्यानं खोली हवी होती. एकटी मुलगी म्हटल्यावर मालक आढेवेढे घेत होते, आणि जी मिळत होती ती बरी की वाईट हे तिला ठरवता येत नव्हतं. 'तुम्ही मुलींच्या खोल्या बघितल्यात, एकदा येऊन बघता का?' आता इथे एक गोष्ट तुला सांगायची राहिलेली आहे. प्लॅस्टर निघालं, मनगट चांगलं वळायला लागलं, पण मी जिना उतरत नव्हते. वाणी वर येत होता, भाजीवाली वर येत होती, डॉक्टरसुद्धा एकदा धापा टाकत वर आले आणि स्वतःचंच ब्लडप्रेशर मोजून गेले. पहिल्या पायरीशी जायचे, कठडा धरायचे, आणि काहीतरी आठवल्यासारखं करून परत फिरायचे. कुणी बघत नसताना आठवल्यासारखं करायचं, म्हणजे कमाल आहे. त्या दिवशी चावीवाल्यासमोर नाही कसं म्हणायचं ते सुचेना. त्यानं हात पुढे केला असता तर मी दार लावून घेतलं असतं. पण तो माझ्याकडे न बघता पुढे झाला आणि एक पायरी खाली राहून, पाठ माझ्याकडे करून, घरमालक या जमातीला शिव्या घालत उतरत राहिला. एका मालकानं भाडेकरूला आरशाला खिळा ठोकू दिला नाही, ही गोष्ट ऐकण्याच्या नादात मी रस्त्यावर आले. बाहेर ऊन होतं. कोपऱ्यावरचं पुस्तकांचं दुकान बंद होऊन तिथं चष्म्यांचं आलं होतं, आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं.

खोली बेकरीच्या वर होती. स्वच्छ, रंग नवा, मालकीणबाई गोड. मी जमिनीला तळवा लावला. थरथरत होती. खाली मैदा मळायचं यंत्र. नर्सला विचारलं, 'तुझी कामाची पाळी कधी असते?' ती म्हणाली, जास्त करून रात्रीची. म्हटलं, 'मग तू दिवसा झोपणार आणि हे यंत्र दिवसा चालणार. दुसरी बघ.' मालकीणबाईंचा गोडवा तिथेच संपला. चावीवाल्याचं तोंड उतरलं, पण त्याच्याकडे मागच्या गल्लीत आणखी एक खोली होती, दिसायला अगदीच सुमार. तिथं तिला घेऊन गेलो. मी कडी तपासली, खिडकीचे गज तपासले, मोरी बघितली, आणि म्हटलं, रंग वाईट आहे पण झोप लागेल. तिनं घेतली. पुढच्याच आठवड्यात तिच्या दोन मैत्रिणी आल्या आणि चावीवाल्याला म्हणाल्या, 'आम्हाला त्या खडूस बाई हव्यात.' असं माझं या क्षेत्रात पदार्पण झालं.

मग अधूनमधून जायला लागले. घर पाहावं बांधून म्हणतात. मी म्हणते, घर पाहावं दाखवून. या धंद्याची भाषा तुला ऐकवायला हवी. 'हवेशीर' म्हणजे दार चौकटीत बसत नाही. 'टुमदार' म्हणजे एक जण उभा राहिला की दुसऱ्यानं बसून घ्यायचं. 'शांत परिसर' म्हणजे रिक्षा येत नाही. 'बाजार जवळ' म्हणजे बाजार घरातच आहे. मी चावीवाल्याला सांगितलं, मी असलं काही बोलणार नाही, घर आहे तसं सांगेन. त्याला आधी घाम फुटला. मग त्याच्या लक्षात आलं, की एक वाईट गोष्ट सांगितली की माणसं चांगल्या गोष्टीवर विश्वास ठेवतात. परवा तोच एका जोडप्याला सांगत होता, 'सकाळी शाळेचा भोंगा ऐकू येईल हं, आमच्या बाईंना विचारा.' एवढ्यावर हे काम घ्यायला काही हरकत नव्हती. त्यानं तेव्हाच कायमचं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण मग एका एकट्या आजोबांचं घर आलं, आणि मी अडले.

हे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. आता दृष्टी अधू झालीय, कानात यंत्र आहे, पण माणूस ताठ. दोन मुलं परगावी, दोघांनी मिळून ठरवलं की घर विकायचं आणि वडिलांना थोरल्यानं न्यायचं. वडिलांना मात्र सांगितलं नाही. चावीवाल्याला फोनवर बजावलं, 'गिऱ्हाईक नेलंत की पाहुणे आलेत म्हणायचं. घर विकतोय कळलं तर त्यांना धक्का बसेल.' चावीवाल्यानं मला सांगितलं तेव्हा मी फारसा विचार केला नाही. पहिल्यांदा गेलो एका नवरा-बायकोला घेऊन. आजोबांनी दार उघडलं, 'या या' म्हणाले, चार खुर्च्या मांडल्या, धडपडत पाणी आणलं. बायको कपाटांची मापं घेत होती आणि आजोबा तिच्या नवऱ्याला विचारत होते, मुलं किती, शाळेत जातात का. दुसऱ्यांदा वेगळं कुटुंब नेलं. या वेळी आजोबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि बशीत बिस्किटं काढून ठेवली होती. पाहुण्यांनी बिस्किटं खाल्ली, छताची ओल बघितली आणि निघून गेले. आजोबा जिन्यापर्यंत पोचवायला आले. 'पुन्हा या हं,' म्हणाले. ठके, मी बऱ्यापैकी कठीण बाई आहे. मुलींच्या रडण्यानं मी कधी फाटक उघडलेलं नाही. पण तो जिना उतरताना मला कठडा दिसेना.

तिसऱ्या वेळी त्यांच्या दाराबाहेर मी थांबले. चावीवाल्याला म्हटलं, 'मी पाहुणी म्हणून आत जाणार नाही. एक तर त्यांना सांगा, नाही तर मी परत चालले.' तो म्हणाला, 'बाई, हा धंदा आहे, वसतिगृह नव्हे. मुलांनी शपथ घातलीय.' म्हटलं, 'शपथ तुम्हाला घातलीय, मला नाही,' आणि घंटी दाबली. गिऱ्हाईक अजून यायचं होतं. आजोबांनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. सरळ सांगितलं, 'मी पाहुणी नाही. हे घर विकायचं आहे, आणि मी ते दाखवायला येते.' मागे चावीवाल्याच्या जुडग्याचा आवाज बंद झाला. आजोबांनी कानातलं यंत्र नीट केलं, आणि मला म्हणाले, 'कळलं होतं हो मला. पाहुणे कधी संडासाची साखळी ओढून बघतात का?' मग स्वतःच खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, 'पोरांना सांगू नका मला कळलंय म्हणून. त्यांना वाटतंय मला धक्का बसेल. तेच आधीपासून काळजीनं अर्धे झालेत. मला काही राग नाही, माझ्यानं आता इथं एकट्यानं होत नाही हे मलाही दिसतं. एवढंच वाटतं, विचारलं असतं तर मीच दाखवलं असतं. माझ्याइतकं हे घर कुणाला माहीत आहे?'

आणि त्या दिवशी त्यांनीच दाखवलं. गिऱ्हाईक आलं, एक तरुण विधवा आणि तिची शाळकरी मुलगी. आजोबा हातानं चाचपत पुढे, आम्ही मागे. ही खिडकी ओढायची नाही, उचलून ढकलायची. हा कोपरा थंडीत उन्हाचा, इथं मी काम करायचो, इथं मुलीचं टेबल ठेवा. वरच्या टाकीचं पाणी येताना पाइप ओरडतो, घाबरू नका, तो फक्त ओरडतो. मुलगी म्हणाली, 'आमच्या हेडबाईंसारखा.' आजोबा इतके हसले की यंत्र कानातून निसटलं. मुलीच्या आईनं त्याच संध्याकाळी हो म्हटलं. उतरताना चावीवाला पुन्हा माझ्या एक पायरी पुढे झाला. मग म्हणाला, 'बाई, तुमच्यामुळे एक दिवस माझा धंदा बुडणार आहे. शनिवारपर्यंत सांगा, येताय का कायमच्या.'

आता ऐक. त्या रात्री मी आजोबांच्याच एका वाक्यावर अडकले होते. पोरांना सांगू नका मला कळलंय म्हणून. कारण हेच मीही करत होते. ठके, त्या मामेभावाला कुणी पाठवलं हे मला तो भिंत ठोठावत होता तेव्हाच कळलं. तू आपल्या घराचे किती पैसे येतील, आणि तळमजल्यावर कुठं घर मिळेल का हे बघायला सांगितलं असणार. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं तू पट्टा पाठवलास. पहिले दोन दिवस मला राग आला. मग राग गेला आणि मी आपली गप्प राहिले, तुला अपराधी वाटू नये म्हणून. आणि तू गप्प, मला दुखवू नये म्हणून. दोघी फोनवर हवापाण्यावर बोलतो आहोत. एवढं हवामान तर हवामान खात्यालाही ठाऊक नसेल. तू मला सरळ विचारलं नाहीस, कारण दोनदा विचारल्यावर काय मिळालं होतं ते तुला आठवत होतं. तेव्हा या बाबतीत तुला दोष देता येत नाही. आणि एक सांगते. इतके महिने मी त्या माणसाबरोबर फिरतेय, पण तुझं नाव त्याच्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. मीही विचारलं नाही. दुसऱ्याची गोष्ट अशी पोटात ठेवणाऱ्या माणसाकडे काम करायला हरकत नाही, असं मी ठरवलंय. शनिवारी हो सांगणार. यात तुझं मत मागवलेलं नाही. दादाला कळव, आई एजंट झाली, आणि त्याचा राग ओसरला की दलालसुद्धा चालेल.

ठरवलं आणि छातीवरचा दगडी पाटा उचलल्यासारखं झालं. मग लगेच हे लिहायला बसले, कारण खरं काम वेगळंच आहे. मला आपलं घर विकायचं आहे. जिने मी आता चढते-उतरते, पण ते दिवसा, कामाला, आणि दुसऱ्यांचे. रात्री दमून आल्यावर चार मजले नकोत. नर्सच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. पुढे फरशी घातलेली हातभर जागा, मागे भिंतीला टेकलेलं कुणाचं तरी पिंपात लावलेलं झाड, मोरी अरुंद, दुपारी अंधार, शेजारी एक कुत्रं आहे त्याला माझा आवाज आवडलेला नाही. मला पसंत आहे. मालकाला अजून शब्द दिलेला नाही. कारण हे चौथ्या मजल्यावरचं घर माझ्या एकटीचं आहे असं कागद म्हणतो, पण तू याच घरात चालायला शिकलीस, मधल्या खोलीत ताप काढलेस, गच्चीच्या दारामागे बसून पहिल्यांदा नापास झाल्याचं रडलीस आणि मी ते ऐकलं नाही असं तुला वाटलं. दादाला उद्या फोनवर विचारीन, तो 'तुला योग्य वाटेल ते' म्हणेल. तुझं तसं नाही. म्हणून विचारते, हे घर मी विकलं तर तुला चालेल? हा हुकूम नाही. मला परवानगी विचारायची सवय नाही म्हणून वेगळं लिहिते, हा प्रश्न आहे. सवड काढून ये, एकदा सगळ्या खोल्यांतून हिंड, आणि नको वाटलं तर नको म्हण. चढ्या आवाजात म्हटलंस तरी चालेल.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी, तुझीच
आई